ट्रायंगल बदलून मिळण्याबाबत

लोखंडी सळई बिघडते असं ज्याला वाटतं त्याने आपलं डोकं तपासून घ्यावं, असं आमचे भांडारपाल मला तोंडावर म्हणाले, तेव्हा मला भयंकर राग आला होता. डोकं नव्हे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना जे लटकवलेलं असतं ते तपासायला हवं होतं, हे मान्य करायला मला पुढे चार महिने लागले. त्यात सात अर्ज झाले, एक समिती झाली, आणि एका बाईचं वाटोळं होता होता राहिलं. राहिलं असंही छातीठोकपणे सांगता येत नाही.

मी ऑर्केस्ट्रात वाजवतो. एवढं ऐकलं की लोक आदराने विचारतात, "व्हायोलिन?" नाही. व्हायोलिनवाले पुढे बसतात, त्यांच्या सासरची माणसं त्यांना ओळखतात. मी सगळ्यात मागे उभा असतो. मोठा ढोल, झांजा, खुळखुळा आणि ट्रायंगल हा माझा संसार. ट्रायंगल म्हणजे तीन कोनांत वाकवलेली पोलादी सळई. ती दोऱ्याला टांगायची, बारीक काडीने हलकेच मारायची, की टिंग होतं. बाकीचा वेळ मी मोजतो. आमच्याकडे अशा रचना आहेत की ज्यांत मी दोनशे चाळीस मात्रा नुसता उभा राहतो आणि दोनशे एकेचाळिसाव्या मात्रेला झांजा आपटतो. झांज आपटणं कोणालाही जमतं. दोनशे चाळीस मात्रा गप्प उभं राहणं जमत नाही. एकतीस वर्षांत मी एकदाच चुकलो, आणि तेव्हा मला शिंक आली होती. माझे मेहुणे अजून विचारतात, "म्हणजे तुम्हाला पगार उभं राहण्याचा मिळतो का हो?" मी उत्तर देत नाही. ते बँकेत बसतात, त्यांना बसण्याचा मिळतो.

तर एके दिवशी सकाळच्या तालमीत मी ट्रायंगल वाजवला आणि टिंग आलीच नाही. नुसतं टक् झालं, कपात चमचा ठेवावा तसं. पुन्हा वाजवला. पुन्हा टक्. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की झाडूवाल्याने ट्रायंगल पाडला असणार. दुसरा असा, की दोरा बदलायला हवा. दोरा बदलला. मासे धरायचा नायलॉनचा दोरा आणला, शिवणाचा आणला, बायकोच्या दातांमधल्या फटी साफ करायचा दोरासुद्धा वापरून पाहिला. टक्. मग मी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. विषय : ट्रायंगल बदलून मिळण्याबाबत.

भांडारपालांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"याला काय झालंय?"

"बोलत नाही."

त्यांनी ट्रायंगल उचलला आणि माझ्यासमोर वाजवला. मान तिरकी करून ऐकला. "बोलतोय की. केवढा बोलतोय! माझ्या नातीच्या सायकलला लावावा असा बोलतोय."

मला वाटलं, हा माणूस भांडार वाचवतोय. आमच्या भांडारपालांकडून टाचणी मिळवायची तरी जुनी टाचणी जमा करावी लागते. मी म्हणालो, "तुमचे कान आता पूर्वीचे राहिले नाहीत." तेव्हा त्यांनी ते डोक्याबद्दलचं वाक्य उच्चारलं.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्याआधी तीन वर्षं माझ्या कानांत शिट्टी वाजत होती. बारीक, सरळ, न थांबणारी. रेडिओचे कार्यक्रम रात्री संपल्यावर पूर्वी जशी यायची तशी. पहिले काही महिने मी ती फ्रिजवर ढकलली. बायकोला सांगितलं, फ्रिज शिट्टी वाजवतोय. फ्रिजवाला आला, त्याने फ्रिजच्या पाठीमागे डोकं घातलं आणि फ्रिज ठणठणीत आहे असं सांगून गेला. मी दुसरा फ्रिजवाला बोलावला. शेवटी एका दुपारी मी फ्रिजचा प्लगच उपटला आणि कान देऊन बसलो. दूध नासलं, बर्फ वितळून स्वयंपाकघरभर पाणी झालं, शिट्टी चालूच. बायको पुसणं घेऊन खाली बसली आणि माझ्याकडे वर बघत म्हणाली, "अहो, फ्रिज बंद आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही."

तिने पुढे विचारलं नाही. पण तेव्हापासून ती एक करायला लागली. दाराची बेल वाजली की ती मला हनुवटीने दाराकडे खूण करायची. फोन वाजला की फोनकडे. कुकरची शिट्टी झाली की ओट्याकडे. माझ्या लक्षात यायला बरेच दिवस लागले, कारण घरात मला सगळं व्यवस्थित ऐकू येतं अशी माझी समजूत झाली होती.

शेजाऱ्यांना कसं कळलं देव जाणे. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनीयर जिन्यात गाठून म्हणाले, "दाब आहे तो. नाक दाबून फुंकर मारायची." मी मारली, दोन दिवस डोकं दुखलं. समोरच्या काकू म्हणाल्या, कोमट तेल. तेल घातलं, उशी खराब झाली. तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला, एका पायावर उड्या मारा, माझ्या भावाचं पाणी असंच निघालं. माझ्या कानात पाणी नव्हतं, तरी मारल्या, कारण माणूस बुडायला लागला की शिंप्याचंही ऐकतो. इंजिनीयर खाली आले आणि त्यांनी छताला हादरे बसतात अशी लेखी तक्रार केली. ते वरच्या मजल्यावर राहतात, हे त्यांच्या लक्षात आणून द्यायची माझी हिंमत झाली नाही.

कचेरीत मात्र अवाक्षर काढलं नाही. आमच्याकडे नियम आहे. ज्याला नीट ऐकू येत नाही त्याला काढत नाहीत, आमची संस्था माणुसकीची आहे. त्याला "कपाटांकडे" पाठवतात. म्हणजे तळघरातल्या ग्रंथालयात. तिथे जुन्या रचनांचे कागद कपाटांत ठेवायचे, काढायचे, फाटलेले चिकटवायचे. माझ्याआधी झांजा वाजवणारे गेले ते तिथेच गेले. मी त्यांना भेटायला जायचो तर ते डिंकाची बाटली हातात धरून माझ्या ओठांकडे बघत बसलेले असायचे.

तर अर्ज. भांडारपालांनी अर्जावर शेरा मारला, "वाद्य निकामी असल्याचा दाखला जोडावा." दाखला कोण देणार? समिती. समितीत आमचे काडीवाले, म्हणजे पुढे उभे राहून हातातल्या काडीने आम्हा सगळ्यांना नाचवतात ते. दुसरे ट्रम्पेटराव. त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण ते स्वतःसुद्धा विसरले असावेत. तिसरे स्वतः भांडारपाल. तिघे गंभीर चेहऱ्याने टेबलाभोवती बसले. मध्ये ट्रायंगल टांगला. भांडारपालांनी तो वाजवला.

"सुंदर," काडीवाले म्हणाले.

"सुंदर," ट्रम्पेटराव म्हणाले. पण जरा उशिराने म्हणाले. ट्रायंगलकडे न बघता काडीवाल्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाले. ही अर्ध्या मात्रेची दिरंगाई माझ्या नजरेतून सुटली नाही. दिरंगाई मोजणं हा माझा धंदाच आहे.

समितीचा निर्णय आला : वाद्य सुस्थितीत आहे. वादकाची तपासणी करून घ्यावी.

आमच्या इमारतीत लिफ्टच्या मागे कचेरीचा दवाखाना आहे. तिथे कपड्यांच्या कपाटाएवढी एक खोली आहे, आतून स्पंज लावलेली. त्यात खुर्ची. कानाला हेडफोन लावतात, हातात बटण देतात. बाहेर एक माणूस यंत्र घेऊन बसतो. तो बारीक बारीक आवाज सोडतो आणि आवाज ऐकू आला की आपण बटण दाबायचं. मी आत बसलो. डोळ्यांसमोर डिंकाची बाटली येत होती.

पहिले आवाज मोठे होते. बूं. दाबलं. बूं. दाबलं. मग ते लहान लहान होत गेले. आणि तेवढ्यात माझ्यातला वादक जागा झाला. हा यंत्रवाला माणूस लयीत पक्का होता! आवाज सोडायचा, मग कागदावर टिंब काढत असणार, पुन्हा आवाज. बरोबर सहा मात्रा. एक इकडे नाही, एक तिकडे नाही. आवाज येईनासे झाले तरी मी मोजत राहिलो. पाच, सहा, दाब. पाच, सहा, दाब. कानांत माझ्या शिट्टीखेरीज काही नव्हतं, पण माझा अंगठा एकदाही चुकला नाही. त्या खोलीत बसून मी जे वाजवलं तसं मी आयुष्यात कधी वाजवलं नसेन. टाळ्या तेवढ्या मिळाल्या नाहीत.

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि उभं राहून माझ्याकडे बघितलं. "असाधारण," ते म्हणाले. "अहो, असे कान वटवाघळाला असतात." हाव नडते ती अशी. शेवटची दहाबारा टिंबं सोडून द्यायला हवी होती.

आता कचेरीपुढे पेच पडला. ट्रायंगल ठीक, माझे कान वटवाघळाचे, आणि तरी मी म्हणतो की टिंग येत नाही. म्हणजे एक तर मी खोडसाळ, नाही तर समिती बहिरी. आमचे व्यवस्थापक हे कागदाला कागद जोडून विचार करणारे गृहस्थ. त्यांनी आदेश काढला : सर्व त्रेचाळीस वादकांच्या कानांची तपासणी करण्यात यावी. ज्यांचे कान अधू आढळतील त्यांची योग्य ती सोय करण्यात येईल. सोय म्हणजे कपाटं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

या आदेशाने एकाच माणसाला आनंद झाला. ती म्हणजे पिकोलोताई. पिकोलो ही वीतभर लांबीची बासरी, पण तिचा आवाज असा की काच तडकावी. ताई माझ्या बरोबर पुढे बसते. बरोबर म्हणजे किती, तर माझ्या झांजा आणि तिचं डोकं यांत दोन हातांचं अंतर. गेली तीन वर्षं ती व्यवस्थापकांना अर्ज करत होती : रांगांच्या मध्ये पारदर्शक पडदे लावा, सगळ्यांना कानात घालायची बुचं द्या, जागा आलटून पालटून द्या. तिला दर वेळी एकच उत्तर मिळायचं, की कोणाच्या कानाला इजा झाल्याचा पुरावा नाही. आदेश वाचून ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "भाऊ, तुमच्या ट्रायंगलने काम केलं. आता आकडेच बोलतील."

मी हसलो. कसनुसं का होईना, हसलो.

त्याच दुपारी ट्रम्पेटरावांनी मला उपाहारगृहाच्या कोपऱ्यात गाठलं. आधी हवापाण्याचं बोलले. मग इकडे तिकडे बघून म्हणाले, "वटवाघूळ, तू केलंस कसं रे?"

मला सांगायचं नव्हतं. पण तीन वर्षांत मला पहिल्यांदाच कोणीतरी गुणी माणूस म्हणून काहीतरी विचारत होतं. मी चमचा घेतला आणि टेबलावर सहा मात्रा वाजवून दाखवल्या. "मोठे आवाज नीट ऐक, लय पकड, मग ऐकूच नकोस. मोज. आणि शेवटची बारा टिंबं सोडून दे, हाव करू नकोस." ट्रम्पेटरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्यांच्या बाजूच्याला सांगितलं. आठवडाभर उपाहारगृहात जिकडे तिकडे चमचे वाजत होते. मागच्या रांगेतले झाडून सगळे, मधल्या रांगेतले जवळजवळ सगळे, आणि पुढचे व्हायोलिनवाले, जे एरवी माझ्याशी बोलत नाहीत, तेही एकेकटे येऊन गेले. कोण कशाला शिकतोय हे कोणी कोणाला विचारलं नाही. त्या चमच्यांमुळे मला तेव्हाच कळायला हवं होतं की आपला सगळा ऑर्केस्ट्राच शिट्टी घेऊन घरी जातो. पण मी मास्तर झालो होतो, आणि मास्तरकीचा आनंद फार वाईट.

पिकोलोताईला कोणी सांगितलं नाही. ती थांबवेल, अशी सगळ्यांना खात्री होती.

निकाल लागला. बेचाळीस वादकांचे कान उत्तम. एका वादकाचे कान, विशेषतः उजवा, गंभीर अधू. ताई ऐकून दाबत गेली, आणि जिथे ऐकू आलं नाही तिथे दाबलं नाही. बावळट बाई, असं मी त्या दिवशी मनात म्हणालो. म्हणालो हे खरं आहे म्हणून सांगतो.

दोन दिवसांनी संध्याकाळी ती आमच्या घरी आली. बायकोने हनुवटीने खूण केली, मी दार उघडलं. ताईच्या हातात व्यवस्थापकांचं पत्र होतं. तिने ते माझ्यापुढे धरलं. त्रेचाळीसपैकी बेचाळीस वादक निरोगी असल्याने ध्वनीपासून इजा होते हे म्हणणं निराधार ठरतं, पडद्यांची मागणी कायमची निकाली काढण्यात येत आहे, अर्जदाराचं व्यंग वैयक्तिक स्वरूपाचं असून त्यांची सोय येत्या महिन्यापासून ग्रंथालयात करण्यात येत आहे. खाली सही. सहीखाली पदनाम. पदनामाखाली शिक्का.

बायकोने चहा ठेवला. ताई चहाकडे बघत म्हणाली, "मला माझं काही नाही हो भाऊ. झालं ते झालं. पण मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत होते, की हे सगळ्यांना होतंय. रात्री शिट्टी येते, माणसं बोलतात ती शब्दांची टोकं खाऊन बोलतात, बायकांचे आणि मुलांचे आवाज आधी जातात. मला वाटलं, मला हे कळलंय. आता हे पत्र बघून वाटतं, मीच वेडी. माझ्या एकटीच्याच डोक्यात काहीतरी आहे." मग तिने मान वर केली. "तुम्ही तर झांजांच्या मध्येच उभे असता. तुम्हाला नाही येत ना शिट्टी? कधीच?"

शिट्टी तेव्हाही वाजत होती. तिचा प्रश्न मी अर्धा ऐकून आणि अर्धा ओठांवरून वाचला होता.

"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही."

ती "बरं" म्हणाली. चहा सगळा प्यायली, कप स्वतः मोरीत ठेवून आली आणि गेली.

बायको कप विसळत होती. पाठमोरीच काहीतरी बोलली. ती पाठमोरी असली की मला तिचं बोलणं लागत नाही, आणि ते तिला ठाऊक आहे. मी "काय?" म्हणालो. ती वळली आणि माझ्याकडे तोंड करून, हळू आणि स्पष्ट बोलली, "एकोणीस वर्षं त्या बाईच्या डोक्यामागे तुम्ही झांजा आपटताय. आणि आज तिलाच सांगितलंत, की ती वेडी आहे."

मला वाटलं होतं, मी कोणाचं काही वाईट केलेलं नाही. चार माणसांची नोकरी वाचवली, असंच मी स्वतःला सांगत होतो. पण झांजा माझ्या होत्या. ती खुर्ची तिरकी करून बसते, त्यामुळे तिचा उजवा कान माझ्या बाजूला होता. एवढं साधं गणित, आणि मात्रा मोजण्यात हयात घालवलेल्या माणसाने ते एकोणीस वर्षांत एकदाही केलं नव्हतं. त्या रात्री मला लाज वाटली. झोप शिट्टीने घालवली की लाजेने, ते सांगता येणार नाही.

फेरतपासणीसाठी अर्ज केला. हा सहावा. व्यवस्थापकांनी विचारलं, उत्तम कान पुन्हा कशाला तपासायचे? मी लिहिलं, उत्तम नाहीत. त्यांनी लिहिलं, दाखल्यानुसार उत्तम आहेत, सबब अर्ज फेटाळण्यात येत आहे. उत्तम कानांचा माणूस बहिरा आहे हे सिद्ध करणं म्हणजे जिवंत माणसाने हयातीचा दाखला मागण्यापेक्षा अवघड. शेवटी मी स्वतःच्या सुट्टीत मोठ्या रुग्णालयात नाव घातलं. बायको म्हणाली, "मी येते."

तिथली स्पंजाची खोली मोठी होती आणि तिला काचेची खिडकी होती. खिडकीच्या पलीकडे यंत्र, यंत्रापाशी एक तरुण तपासणीस मुलगी, आणि तिच्या मागे स्टुलावर मांडीवर पर्स घेऊन बायको. मुलीने हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि म्हणाली, "काका, घाई नाही. ऐकू आलं तरच दाबा." दार बंद झालं.

मोठे आवाज आले. दाबले. मी सवयीने लय शोधायला लागलो. लय नव्हती. ही मुलगी कधी दोन मात्रा थांबायची, कधी अकरा, कधी लागोपाठ दोनदा. हिला कोणी शिकवलंय हे, असं मनात आलं. मग आवाज बारीक होत गेले आणि संपले. मी बटणावर अंगठा ठेवून बसलो. शिट्टी वाजत होती, आणि तिच्या पलीकडे काही असलं तर ते मला मिळत नव्हतं. काचेपलीकडे मुलगी मान खाली घालून काम करत होती. म्हणजे आवाज येत होते. येत होते आणि माझ्यापर्यंत पोचत नव्हते.

तेवढ्यात माझं बायकोकडे लक्ष गेलं. ती मुलीच्या खांद्यावरून तिच्या बोटांकडे बघत होती. बोट कळीवर पडलं, आणि बायकोची हनुवटी हलली. माझ्याकडे. जरासाच झटका, दाराची बेल वाजल्यावर देते तसा. मला वाटलं, भास असेल. पुन्हा बोट पडलं. पुन्हा हनुवटी. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तिला कळलेलं नव्हतं. जी बाई मला खोटं बोललो म्हणून बोलली होती, ती स्टुलावर बसून मला उत्तरं सांगत होती. मला काहीच ऐकू येत नाहीये हे तिने तोपर्यंत कधी डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं.

माझा अंगठा बटणावर होता. हनुवटी हलली. अंगठा दाबायला निघालाच होता.

मी डोळे मिटले.

मग मी सवयीने मोजायला लागलो. एकशे साठपर्यंत मोजलं. दोनशे चाळीस झाले. तीनशे झाले. एवढी लांब विश्रांती कोणत्याही रचनेत मी मोजलेली नाही. चारशे बाराव्या मात्रेला खांद्यावर हात पडला. डोळे न उघडता मला कळलं, की तो कोणाचा आहे.

सातवा अर्ज मी त्या नव्या कागदासह केला. त्यात चमचा, सहा मात्रा, वटवाघूळ सगळं लिहिलं. कोणाची नावं घेतली नाहीत. चार दिवस उपाहारगृहात माझ्या टेबलावर कोणी बसलं नाही. पाचव्या दिवशी ट्रम्पेटराव समोर येऊन बसले, आणि बशी फिरवत म्हणाले, "त्या रुग्णालयाचा पत्ता दे." त्यांच्यामागे आणखी सहा जण गेले. व्हायोलिनवाले गेले नाहीत. व्यवस्थापकांनी आम्हा आठ जणांकडून, दोन दाखल्यांत तफावत का, याचा खुलासा मागवला आहे. पडद्यांची मागणी "तत्त्वतः मान्य" झाली आहे. प्रायोगिक म्हणून एक पडदा आला. तो एकाच खुर्चीमागे बसतो, आणि ती खुर्ची आता रिकामी आहे, कारण पिकोलोताईची बदली मागे घ्यायची तर वेगळा अर्ज लागतो. पिकोलोला अजून माणूस मिळालेला नाही.

नव्या दाखल्यामुळे माझीही सोय झाली. ती आणि मी सध्या कपाटांकडे असतो. पहिल्या दिवशी मी तिला सांगितलं, सगळं सांगितलं, चमच्यापासून. ती डाव्या कानाने ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे मी वेडी नव्हते." मी म्हणालो, "नव्हतीस." ती पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने डिंकाची बाटली माझ्याकडे सरकवली. तिची खुर्ची मी जरा तिरकी ठेवली आहे, डावा कान माझ्याकडे येईल अशी, आणि माझी तिच्यासमोर, म्हणजे दोघांना दोघांचे ओठ दिसतात.

गेल्या आठवड्यात भांडारपाल जिना उतरून आले. हातात खोका होता. पहिल्या अर्जाचं काम झालं होतं. कोणीतरी कुठेतरी सही केली होती. भांडारपालांनी खोका उघडला, नवा कोरा ट्रायंगल काढला, आणि आमच्या मेजाच्या वर दोऱ्याने धरला. जुना त्यांनी आधीच जमा करून घेतला होता.

"वाजवून घ्यावा लागतो. नियम आहे," ते म्हणाले आणि त्यांनी तो स्वतःच वाजवला.

मी ताईकडे बघितलं. ताईने माझ्याकडे. मग दोघांनी ट्रायंगलकडे. तो दोऱ्यावर हळू फिरत होता आणि झरोक्यातला उजेड त्याच्या कडेवर येत जात होता. भांडारपाल मान तिरकी करून ऐकत उभे होते. त्यांचा चेहरा इतका निवांत झालेला मी कधी पाहिला नव्हता.

ट्रायंगलला वाजताना बोट लावायचं नसतं. लावलं की आवाज मरतो. झांजवाल्याला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकवतात ती ही. एकतीस वर्षांत मी ते कधी केलं नव्हतं. मी हात पुढे केला आणि सळईला बोट लावलं. क्षणभर, अगदी क्षणभर, बोटाच्या टोकाला मुंग्या आल्यासारखं झालं.

"थांबला," भांडारपाल म्हणाले, आणि त्यांनी सहीसाठी वही पुढे केली.